संध्याकाळचा स्वयंपाक सकाळी

पोरी, संध्याकाळी ओट्यासमोर उभं राहून 'आता काय करू' असं विचारायची वेळ आली, की उशीर झाला समज. पोटात भूक, अंगात दिवसभराचा शीण, लेकरू पदराला लोंबकळतंय. अशा वेळी डोकं चालत नाही. हात आपोआप आलूच्या टोपलीकडे जातो, नाहीतर नूडल्सच्या पाकिटाकडे. रात्री काय शिजणार हे सकाळी चहा उकळताना ठरवायचं. मला हे माझ्या सासूनं सांगितलं, मी तुला सांगते. तिच्या वेळी कारण वेगळं होतं. कापूस वेचायला गेलेल्या बाया दिवस मावळल्यावर बोरी गावात परत यायच्या, आणि कंदिलाच्या उजेडात डाळीतले खडे दिसायचे नाहीत. तू यवतमाळहून एसटीनं येतेस. वावर काय नि ऑफिस काय, घरी पोचायची वेळ तीच.

सकाळी तीन गोष्टी बघ. टोपलीत काय खराब व्हायला आलंय, काय भिजत घालावं लागेल, आणि रात्री कोण किती वाजता जेवणार. झालं. 'आज काय खावंसं वाटतं' हा प्रश्न चौथा, तोही वेळ उरला तर. ज्या घरात तो पहिला असतो, त्या घरातला सांभार काळा पडून उकिरड्यावर जातो आणि वांगी आतून किडेपर्यंत कोणी त्यांच्याकडे बघत नाही.

आपला आठवडा सोमवारी सुरू होत नाही, बाजाराच्या दिवशी सुरू होतो. पिशवी रिकामी केली की भाजी किती दिवस टिकेल त्या क्रमानं मांड. पालक, मेथी, चवळी, आंबटचुका पहिल्या दोन रात्रींत संपले पाहिजेत. भेंडी, गवार, बरबटी, वांगी मधल्या दिवसांना. कोहळं, आलू, कांदे शेवटाला. आणि पुढच्या बाजाराच्या आदल्या रात्री घरात हिरवं काहीच नसतं, ती रात्र कडधान्याची, मुगवड्यांची, नाहीतर बेसनाची. एवढं पाळलं तर फ्रीज असला काय, नसला काय, फारसा फरक पडत नाही. मेथी आणल्या आणल्या धुऊन ठेवू नको, ओली राहिली की सडते. निवडून कोरड्या फडक्यात गुंडाळ, धू चिरायच्या आधी. आणि चिरल्यावर कधीच धुऊ नको, सत्त्व पाण्याबरोबर मोरीत जातं.

बाजारात न मिळणारंही बघत जा. पावसाळ्याच्या तोंडाला बांधावर तरोटा येतो, तो कोवळा असतानाच खुडायचा. पुढे कटुले येतात, महाग असले तरी एकदा घ्यावेत. उन्हाळ्यात चिवळ. पौषात तुरीच्या शेंगा भरल्या की रोज संध्याकाळी कोणी ना कोणी शेंगा सोलत बसलेलं असतं. ते ओले सोले आणि वांगी, वर लसणाची फोडणी, त्या दिवसांत दुसरी भाजी करायची गरजच नाही. हे दिवस महिनाभराचे. तेवढ्यात पोटभर खाऊन घ्यायचं.

आता वरण. आपल्या घराचा खांब तो. यवतमाळ जिल्ह्यात तुरीला तोटा नाही, तरी बाया रोज वाटीभर डाळ लावतात आणि रोज कुकर घासतात. तू एका वेळी दुप्पट लाव. एक वाटी डाळीला अडीच-तीन वाट्या पाणी, चिमूटभर हळद, तेलाचे दोन थेंब. तेलानं फेस कमी येतो, शिट्टीतून पिवळं पाणी उडत नाही. डाळ अर्धा तास भिजलेली असली तर तीन शिट्ट्या आणि मंद आचेवर पाच मिनिटं पुरतात; न भिजवता लावलीस तर गॅसही जास्त आणि डाळही कडक. म्हणून डाळ आधी कोणी भिजवली नसेल, तर घरी आलीस की चप्पल काढून पहिलं काम डाळीवर पाणी घालायचं, मग तोंड धुवायचं. हा क्रम सोडू नको.

शिजलेल्या डाळीचे दोन भाग कर, आणि फोडणी फक्त एका भागाला दे. तो आजचा: घोटलेलं वरण, भात, लिंबू, वर तुपाची धार. दुसरा भाग मीठ-मसाला काही न घालता गार होऊ दे, झाक आणि फ्रीजमध्ये ठेव. उद्या त्यात चिरलेला पालक आणि भिजवलेले शेंगदाणे पडले की डाळभाजी. किंवा ती डाळ पातळ करून, चिंच-गूळ घालून उकळायची, कणकेची पोळी लाटून शंकरपाळ्यासारखे तुकडे सोडायचे, की वरणफळं. त्या रात्री ना भाकर लागत ना भात, एका गंजात घर जेवतं. फोडणी दिलेलं शिळं वरण मात्र पुन्हा नवीन करता येत नाही; लसण कडू लागतो, सांभार लिबलिबीत होतो. तो भाग त्याच रात्री संपव.

एक गोष्ट पदराला गाठ मारून ठेव: आंबट कधीही डाळ शिजल्यावरच. चिंच, टमाटर, कैरी, अंबाडी यांतलं काही आधी घातलंस तर डाळ तासभर उकळली तरी दाणा दाणा राहते. आंबटानं डाळीचा गर घट्ट राहतो, मऊ होत नाही. नवीन सुना डाळीला नावं ठेवतात, 'किराण्यावाल्यानं जुनी दिली' म्हणतात. निम्म्या वेळा दोष टमाटराचा असतो. उरलेल्या निम्म्या वेळा विहिरीच्या जड पाण्याचा. त्यावर खायचा सोडा घालायची सवय काही घरांत आहे. डाळ मऊ होते खरी, पण सोड्यानं त्यातलं बी-1 जीवनसत्त्व मरतं. भिजवणं जास्त वेळ कर, सोडा पापडाला ठेव.

अंबाडीची भाजी याच नियमावर चालते. पाला आधी वेगळा उकडून त्याचं पाणी पिळून टाकायचं, नाहीतर दात आंबतात. तुरीची डाळ आणि ज्वारीच्या कण्या वेगळ्या शिजवायच्या. दोन्ही मऊ झाल्यावर एकत्र घोटायचं, शेंगदाणे, मीठ, हिरवी मिरची. मग वरून तेल: पळीत तेल कडकडीत तापवून ठेचलेला लसण तांबूस होईपर्यंत तळायचा, सुकी मिरची टाकायची आणि ताटात वाढल्यावर प्रत्येकाच्या भाजीवर चमचाभर ओतायचं. गंजात ओतशील तर तेल सगळ्या भाजीत मिसळून जातं आणि कोणालाच लागत नाही.

भाकरीचं जरा सविस्तर सांगते, कारण तुमच्या पिढीनं ती सोडायला घेतली आहे. 'थापता येत नाही' हे कारण असतं. थापण्याचा दोष कमी, पिठाचा जास्त. ज्वारीला गव्हासारखा चिकटा नसतो, आणि दळून दिवस गेले की पिठाची विरी जाते. मग कितीही मळ, कडा फाटणारच. म्हणून दळण आठ-दहा दिवसांपुरतंच टाकायचं, दोन पायल्या एकदम नाही. विरी गेलेलं पीठ हाती आलंच तर उकळतं पाणी घालून सराट्यानं ढवळ, झाकून ठेव, हाताला सोसवेल इतकं निवलं की तळहाताच्या मुळानं रगड. 1972 च्या दुष्काळात राशनवर अमेरिकेहून आलेली तांबडी मिलो मिळायची, तिची भाकर परातीतून उचलताना तुटायची. तेव्हा घरोघरी असंच आधणाचं पीठ मळलं जायचं. मिलोनं चव घालवली, पण हात शिकवून गेली.

आता तव्याकडे बघ. भाकर टाकल्यावर वरच्या बाजूला हातानं पाणी फिरवतात, ते सारखं, कडेपर्यंत. पाणी आटत आलं, पण अजून ओलसर चकाकी आहे, त्या क्षणी उलटायची. पूर्ण वाळू दिलीस तर तडे जातात आणि त्या तड्यांतून वाफ निघून जाते, मग फुगत नाही. उलटल्यावर घाई नको, ही बाजू चांगली शेकू दे, तांबडे ठिपके पडले पाहिजेत. मग पुन्हा उलटून थेट विस्तवावर. चूल असेल तर निखाऱ्याला उभी टेकवायची, गॅस असेल तर जाळीवर. फुगलेली भाकर लगेच डब्यात कोंबू नको, घाम सुटून चिवट होते. दुरडीत फडक्यावर उभी ठेव.

ज्वारी आपल्या शिवारातून का गेली हे तुला दिसतंच. सोयाबीन आलं, कपाशी होतीच; ज्वारी पेरली तर पाखरं आणि रानडुकरं. राशनवर गहू-तांदूळ, तेही जानेवारी 2023 पासून फुकट. मग ज्वारी विकत कोण घेणार? त्याच 2023 साली संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष पाळलं, आणि जी भाकर आमच्या वेळी पाहुण्यांपुढे ठेवायला लाज वाटायची ती शहरातल्या हॉटेलांत ऐटीत मिळायला लागली. असो. रोज जमलं नाही तरी आठवड्यातून तीन रात्री भाकर ठेव. ज्वारीत लायसिन कमी, डाळीत ते भरपूर. भाकर-वरण एकत्र खाण्यामागे हा हिशेब आहे, कोणी तो मांडून दाखवला नव्हता इतकंच.

राशनच्या तांदळाबद्दल एक. त्यात थोडे दाणे वेगळे दिसतात, जास्त पिवळट-पांढरे, पाण्यात तरंगतात. गावात बाया ते 'प्लास्टिकचा तांदूळ' म्हणून निवडून फेकतात. प्लास्टिक नाही ते. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक अॅसिड आणि बी-12 घालून बनवलेले दाणे आहेत, साधारण शंभर दाण्यांत एक या प्रमाणात मिसळलेले. ते फेकणं म्हणजे औषध फेकणं. भात लावताना तांदूळ दोनदा धुतला की पुरे, पाणी नितळ होईपर्यंत धुत बसू नको. घरात कोणाला सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असेल तर मात्र डॉक्टरांना विचारून घे.

काहीच नसलेल्या रात्रीचा आधार बेसन. यात लोक एकच चूक करतात: उकळत्या पाण्यात कोरडं पीठ टाकतात आणि मग गुठळ्या फोडत बसतात. एक वाटी बेसन आधी गार पाण्यात कालव, बोटांनी गुठळ्या मोड. पातळ हवं तर एकूण साडेतीन वाट्या पाणी, घट्ट हवं तर दीड-दोन. तेलात मोहरी, जिरं, भरपूर ठेचलेला लसण, हिरवी मिरची, कांदा. कांदा मऊ व्हावा, तांबडा नको. उरलेलं पाणी फोडणीत उकळलं की कालवलेलं पीठ एका हातानं सोडायचं, दुसऱ्या हातानं ढवळायचं. आच मंद कर, झाकण ठेव, पाच-सहा मिनिटं. कडेनं तेल सुटलं आणि कच्चा वास गेला की झालं. वर सांभार. पाहुणा अवचित आला तर यातच पाणी वाढतं, पीठ वाढवावं लागत नाही. मूठभर चिरलेली मेथी किंवा पालक फोडणीत टाकलास तर तेच आळण, आणि बेसनाचा कंटाळा आलेली पोरंही खातात.

वाटण सकाळी. संध्याकाळी लाइन कधी जाईल सांगता येत नाही, आणि मिक्सरवर अवलंबून असलेली भाजी लाइन येईपर्यंत थांबते. पोरं थांबत नाहीत. कांदा-खोबरं-तिळाचं वाटण सकाळी करून डबीत ठेव. भाजलेल्या शेंगदाण्यांचा कूट आठवड्याचा. जवसाची चटणी मात्र थोडी थोडी कर; जवस तडतडेपर्यंत भाजायचं, पण कुटल्यावर त्याचं तेल लवकर खवट होतं. लसूण-तिखटाचा भुरका एक बरणी कायम असावा. कोरड्या भाकरीबरोबर भुरका आणि कांदा असला की भाजी बिघडली तरी कोणी उपाशी उठत नाही. उन्हाळ्यात मुगवड्या घालायचा कंटाळा करू नको. एप्रिल-मेमधलं आपल्याकडचं ऊन माणसाला नकोसं, वड्यांना सोन्यासारखं. झडीच्या दिवसांत बाजाराच्या दिवशीच अडाण नदीला पूर आला आणि पुलावरून पाणी गेलं, की गावात भाजी येत नाही. तेव्हा त्याच वड्या कांदा-टमाटराच्या रश्शात पडतात.

पुस्तकं वाचायला हरकत नाही. कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' 1970 साली आली आणि वाटी-चमच्याच्या मापामुळे कितीतरी पोरींना पहिल्यांदा स्वयंपाक जमला. पण पुस्तक तुला पदार्थ सांगतं, तुझ्या टोपलीत काय उरलंय ते त्याला कुठून कळणार? माप पुस्तकातून घे, निवड टोपलीतून कर.

शिळ्याबद्दल कडक राहा. शिळी भाकर कुस्करून ताकात किंवा फोडणीला चालते, तिला कोरडेपणानं धोका नसतो. भाताचं तसं नाही. शिजलेला भात रात्रभर ओट्यावर उघडा राहिला तर त्यात जे जंतू वाढतात त्यांचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. उरलेला भात तासा-दोन तासांत पसरून गार कर, फ्रीजमध्ये ठेव, सकाळी फोडणी दे. फ्रीज नसेल तर मोजूनच लाव. उन्हाळ्यात तर एक मूठ कमीच शिजवलेला बरा, कमी पडलं तर मुरमुऱ्याचा डबा आहे. आणि आजची भाजी उद्याला, उद्याची परवाला असं ढकलत नेणं बंद कर. एकदा शिळं, एकदाच गरम. दुसऱ्यांदा उरलं तर गुरांच्या घमेल्यात.

कामाची वाटणी आता तूच करून घे, आमच्याकडून झाली नाही. माझा नातू, म्हणजे तुझा नवरा, भाकर थापणार नाही कदाचित, पण शेंगा सोलणं, लसण निवडणं, कुकर लावणं त्याला येतं. येत नसेल तर आठवड्यात येईल. तू एसटीतून उतरायच्या आधी डाळ भिजलेली पाहिजे, हे त्याचं काम. ते त्याला गोड बोलून सांगू नको, सरळ सांग.

आणि शेवटचं, जे मला कोणी सांगितलं नाही. आपल्या घरात बाई सगळ्यांच्या मागून जेवते. तोपर्यंत डाळभाजीतली डाळ संपलेली असते, खाली पाणी असतं. शेंगदाणे तर कधीच गेलेले. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायांना रक्त कमी असल्याचं आढळलं. या आकड्यात आपल्या गल्लीतल्या किती जणी असतील ते तूच बघ. तेव्हा भाजी उतरली की सगळ्यात आधी एका वाटीत तुझा वाटा काढून झाक, खालून घुसळून, डाळ-पाला सगळं येईल असा. पालेभाजी असेल त्या रात्री लिंबाची फोड घे, लोह अंगी लागतं. जेवणावर लगेच चहा नको, त्यानं उलटं होतं. वाटा काढताना कोणी बघितलं तर बघू दे. विचारलं तर आजीनं सांगितलंय म्हण.